कुणाच्या घड्याळात किती वाजले?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात सगळ्यात उंच जागा कुणाला मिळाली आहे? एखाद्या कुलगुरूंच्या पुतळ्याला नाही, सरस्वतीला नाही, कुठल्या ग्रंथालाही नाही. ती मिळाली आहे एका घड्याळाला. ओव्हल मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं किती वाजले ते बघायला मान वर करतात, ते घड्याळ विद्यापीठाचं. राजाबाई टॉवर. उंची २८० फूट.

पदवीचं मोल जास्त की रोजच्या वापरातल्या यंत्रांचं, हा वाद हल्ली घरोघरी ऐकू येतो. हातात मोबाईल आहे, जगातलं ज्ञान त्यात आहे, मग कॉलेजात तीन वर्षं कशाला घालवायची? मी बी.ए. झालेला माणूस, त्यातून कविता लिहिणारा. म्हणजे या वादात माझी बाजू पहिल्यापासूनच पडकी. पण मला या वादाकडे जरा मागे जाऊन पाहावंसं वाटतं. कारण विद्यापीठ आणि यंत्र यांची गाठ आपल्याकडे फार पूर्वी पडली आहे, आणि ती याच मनोऱ्यावर पडली आहे.

१८५७ हे साल आपल्या लक्षात राहतं ते उठावामुळे. त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं स्थापन झाली. मुंबईचं जुलै महिन्यात. आज विद्यापीठ म्हटलं की इमारती, वसतिगृहं, कॅन्टीन डोळ्यांपुढे येतं. तसलं तेव्हा काही नव्हतं. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारं आणि पदव्या देणारं ते एक मंडळ होतं, शिकवायचं काम कॉलेजांचं. पहिले बी.ए. बाहेर पडले १८६२ मध्ये. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. अवघे चार! आज आमच्या तालुक्यात एका गल्लीत यापेक्षा जास्त पदवीधर सापडतील आणि त्यातले दोघे-तिघे रिकामे बसलेले असतील.

या विद्यापीठाला घड्याळ मिळालं ते कापसामुळे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीचा राजा म्हणजे प्रेमचंद रायचंद. त्यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि नंतर मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एवढीच की मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं. राजाबाई अंध होत्या, जैन धर्माप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवायच्या आणि घंटेच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलानं हा मनोरा बांधला, अशी कथा मुंबईत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, तेजी कोसळली, खुद्द प्रेमचंदांचं दिवाळं निघालं. पण विद्यापीठाला दिलेला पैसा टिकला. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये काम पुरं झालं. आराखडा काढणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातिजमातींच्या लोकांच्या मूर्ती आहेत. खाली रस्त्यावरून मात्र त्या नीट दिसत नाहीत.

आता घड्याळ तर बसलं. पण त्यात वाजवायचे किती?

प्रश्न वेडगळ वाटेल. आज आपल्याला अख्ख्या देशाची वेळ एकच असते याची इतकी सवय झाली आहे की ती निसर्गानंच दिली असावी असं वाटतं. पण सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. नागपूरला सूर्य मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटं आधी उगवतो. रेल्वे येण्यापूर्वी प्रत्येक गावाचे बारा आपापले वाजायचे, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. सूर्य डोक्यावर आला की दुपार. रेल्वेचं वेळापत्रक आलं आणि तारायंत्र आलं, तेव्हा पंचाईत झाली. मुंबई आणि कलकत्ता यांच्या वेळांत तासाभराहून जास्त फरक. मद्रास मधोमध. म्हणून रेल्वेनं मद्रास वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे. गाडी मद्रास वेळेनं सुटायची, शहर मुंबई वेळेनं चालायचं. स्टेशनाच्या आत एक दुनिया, बाहेर दुसरी.

१८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी ठरवलं की हा घोळ पुरे, मुंबईतल्या सरकारी कचेऱ्याही मद्रास वेळेनं चालतील. हुकूम निघाला. व्यापारी बिथरले, वर्तमानपत्रं तुटून पडली. लोकांचं म्हणणं साधं होतं. आमच्या शहराच्या डोक्यावरचा सूर्य आम्हाला दिसतो, मद्रासचा कशाला सांगता? आणि मग वाद येऊन पोहोचला तो विद्यापीठाच्या मनोऱ्यावर. रात्री घड्याळाच्या तबकड्या उजळायचा खर्च सरकार द्यायला तयार होतं, पण घड्याळात मद्रास वेळ लावली तरच. विद्यापीठाच्या सिनेटपुढे विषय आला. चर्चा झाली, मतं मोजली गेली. आणि सिनेटनं कौल दिला मुंबई वेळेच्या बाजूनं. तेव्हाच्या कायद्यानं सिनेटचे सदस्य सरकारनंच नेमलेले असत. म्हणजे सरकारनं नेमलेल्या माणसांनी, सरकारी पैशाचा मोह समोर असताना, सरकारी वेळ नाकारली. १८८३ मध्ये तो हुकूम मागे घेतला गेला. गंमत अशी, की त्याच फर्ग्युसनसाहेबांच्या नावानं १८८५ मध्ये पुण्यात कॉलेज निघालं, आणि तिथून पुढे सरकारशी भांडणारी किती माणसं निघाली ते आपण जाणतोच.

ही हकिगत मला फार आवडते. घड्याळ किती वाजले ते सांगतं. कुणाच्या वेळेनं चालायचं, हे ते सांगत नाही. त्यासाठी माणसांना एका जागी बसावं लागतं, एकमेकांचं ऐकावं लागतं, हात वर करावा लागतो. माझ्या लेखी विद्यापीठाचं मोल तिथे आहे.

पण इथेच थांबलो तर हे विद्यापीठाचं आरतीगान होईल. त्या सिनेटमध्ये कोण बसलं होतं? साहेब, वकील, डॉक्टर, शेटिया. खिशात सोनेरी साखळीचं घड्याळ असलेली माणसं. हा वाद चालू असतानाच, १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपलं निवेदन दिलं. सरकार रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करतं आणि खेड्यातल्या पोराला प्राथमिक शाळाही मिळत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. विद्यापीठाच्या मोलाचा इतका रोखठोक हिशेब आपल्याकडे त्याआधी कुणी मांडलेला माझ्या वाचनात नाही. मुसलमानांचंही तेच. रहिमतुल्ला सयानी हे विद्यापीठाच्या सुरुवातीच्या मुस्लिम पदवीधरांपैकी एक, पुढे १८९६ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण असे किती? बोटांवर मोजण्याइतके.

घड्याळाचा वाद पुन्हा पेटला १९०६ मध्ये. आणि या वेळी तो सिनेटच्या हॉलमध्ये नाही, गिरणीच्या फाटकावर पेटला. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून सरकारनं 'इंडियन स्टँडर्ड टाइम' आणला, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबई वेळेपेक्षा तो ३९ मिनिटांनी पुढे होता. पुस्तकात ही ३९ मिनिटं किरकोळ वाटतात. पण गिरणीचा भोंगा घड्याळातल्या त्याच आकड्याला वाजणार असेल, तर कामगाराला रोज पहाटे ३९ मिनिटं आधी, अंधारात, उठून निघावं लागणार. जानेवारीत काही हजार गिरणी कामगारांनी मागावर उभं राहायला नकार दिला, गिरण्यांवर दगडफेक केली. शहरात पंधरा हजारांहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या. महापालिकेनं आपली घड्याळं मुंबई वेळेवरच ठेवली, आणि ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तशीच चालली. एका शहरात दोन वेळा. जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्तापुढे कंसात 'स्टँ. टा.' छापलेलं असायचं ते उगाच नाही.

दगड मारणाऱ्या त्या कामगारांतल्या बहुतेकांच्या हातात घड्याळ नव्हतं आणि नावापुढे पदवी तर नव्हतीच. वेळ मात्र त्यांचीच जात होती. या माणसांच्या वेळेचा विचार करणारा पहिला नेता नारायण मेघाजी लोखंडे, फुल्यांचा अनुयायी. तेही पदवीधर नव्हते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्या काय होत्या? सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावं, सूर्यास्ताला संपावं, दुपारी अर्धा तास सुट्टी मिळावी आणि आठवड्यातून एक दिवस, रविवारी, गिरणी बंद राहावी. बहुतेक मागण्या वेळेच्याच. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आपण आज निवांत बसून पुरवणी वाचतो, त्यात त्यांचा वाटा आहे.

म्हणून मी म्हणतो, घड्याळ असणं वेगळं आणि वेळ असणं वेगळं. यंत्र स्वस्त होतं, वेळ होत नाही. ज्याला दिवसभर राबावं लागतं त्याला विद्यापीठाचा दरवाजा सताड उघडा असला तरी आत शिरायला सवड नसते. ही गोष्ट ज्यांनी ओळखली त्यांनी खरं विद्यापीठ घडवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून तास सकाळी ठेवले. कारकुनी करायची दहाला, त्याआधी पदवीचा अभ्यास. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका' म्हटलं. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं, तेही याच धाग्याचं पुढचं टोक.

इकडे घड्याळही हळूहळू खाली उतरत होतं. मनोऱ्यावरून शेटियांच्या खिशात, खिशातून मनगटावर. १९६१ मध्ये एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि मास्तर, तलाठी, कंडक्टर यांच्या हातावर घड्याळ आलं. त्यातल्या एका मॉडेलचं नावच 'जनता' होतं. घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही जावयाची त्रयी. बी.ए. झालेला जावई असेल तर घड्याळ जरा बरं द्यावं लागे. पदवी आणि यंत्राची ही गाठ कुठल्या शिक्षण आयोगानं नोंदवलेली नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोर, अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काचेची पेटी, एक टेबल आणि डोळ्याला लावायचं भिंग. दुरुस्त झालेलं घड्याळ ते चार दिवस खिळ्याला टांगून ठेवत, रोज सकाळी बातम्यांआधी आकाशवाणीचे पीं-पीं ठोके पडले की काटे ताडून बघत. मागे पडतंय का, पुढे जातंय का. घरी दखनी बोलणारे अब्बा गिऱ्हाइकाशी अस्सल मराठीत बोलत. एकदा मुंबईच्या गिरणीतून रिटायर होऊन आलेले एक म्हातारबाबा घड्याळ घेऊन आले आणि जाता जाता म्हणाले, "उस्ताद, मुंबई टायमाला लावू नका हां, स्टँडर्डला लावा." अब्बांनी चाळीस वर्षं हजारो घड्याळं उघडली, पण मुंबई टाइम म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. बाबाही नीट सांगू शकले नाहीत, हसून निघून गेले. मी तेव्हा शाळेत होतो.

पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी मी बी.ए.ला गेलो. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण तिथले एक प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या कागदांवरून नोट्स सांगत आणि घंटा झाली की अर्ध्या वाक्यात थांबत. पण इतिहासाचे दुसरे एक सर होते. त्यांना मी मुंबई टाइमबद्दल विचारलं. अभ्यासक्रमात नव्हतं, परीक्षेत येणार नव्हतं. त्यांनी त्यावर दोन तास घालवले. फळ्यावर रेखांश काढले, फर्ग्युसन सांगितला, गिरण्या सांगितल्या, आणि शेवटी वर्गालाच विचारलं, तुम्ही तेव्हा असता तर कुठल्या बाजूनं मत दिलं असतं? वर्गात भांडण जुंपलं. एक वेळ असल्याशिवाय देश कसा चालेल, असं म्हणणारेही होते, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. संध्याकाळी मी अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंग न काढता ऐकलं आणि म्हणाले, "मग सूर्याची वेळ पाळणारे आता आपणच उरलो की."

ते खरंच होतं. आमच्या घरात भिंतीवर रमजानचं वेळापत्रक लावलेलं असे. सहरी आणि इफ्तारच्या वेळा, आणि खाली बारीक अक्षरात, अमुक गावासाठी इतकी मिनिटं कमी, तमुक गावासाठी इतकी जास्त. जोहरची नमाज सूर्य माथ्यावरून कलला की. सरकारी घड्याळात काहीही वाजलेलं असो. शेजारी जोशीकाकांच्या भिंतीवर पंचांग, त्यातही सूर्योदयाच्या वेळा गावागणिक बदलणाऱ्या. गावाची जुनी वेळ आमच्या या दोन भिंतींवर शाबूत होती.

माझं बी.ए. चालू असतानाच अब्बांचा धंदा बसत चालला होता. सेलवरची क्वार्ट्झ घड्याळं आली होती. आत इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्यापुढे बालकमानीची काय मिजास? चावी द्यायला नको, तेलपाणी नको. बिघडलं तर टाकून नवं घ्यायचं. अब्बांना त्या यंत्राचा राग नव्हता. "वेळ बरोबर दाखवतं," एवढंच म्हणायचे. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तो बघायला ते नव्हते.

आज माझा भाचा त्याच एसटी स्टँडसमोर मोबाईल दुरुस्त करतो. भिंग तेच, पेटीच्या जागी काचेचं काउंटर. पोरगा हुशार आहे, कमावतोही माझ्यापेक्षा बरं. बारावीनंतर त्यानं शिक्षण सोडलं. "मामू, तुम्ही तीन वर्षांत जे वाचलंत ते यात तीन दिवसांत सापडतं," असं तो मला ऐकवतो. खोटं नाही. मुंबई टाइमची माहिती त्याला मोबाईलवर दोन मिनिटांत सापडली. पण ती शोधावी हे त्याला सुचलं ते मी हकिगत सांगितल्यावर. आणि त्यात वाचून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "मामू, त्या सिनेटमध्ये गिरणीवाल्यांचं कुणी कसं नव्हतं?"

मी त्याला फुल्यांचं निवेदन वाचायला दिलं. मग लोखंड्यांबद्दल बोललो. दुकान बंद करायची वेळ झाली तरी आम्ही बोलत होतो, आणि मधे दोन गिऱ्हाइकं परत गेली याची त्यानं नंतर मला आठवण करून दिली.

मोबाईलमधली वेळ लावावी लागत नाही, ती आपली आपण येते. कुठून येते, कोण ठरवतं, हे विचारायची गरजच कुणाला पडत नाही. कारखान्यातला कामगार हजेरीला बोट टेकवतो, जेवण पोहोचवणारा पोरगा मोटारसायकलवरून फोनच्या पडद्यावर उलटी सरकणारी मिनिटं बघत पळतो. ती मिनिटं कुणी ठरवली? माझ्या भाच्याच्या दुकानात अशी पोरं फुटलेला पडदा घेऊन येतात. दुरुस्ती होईपर्यंत उभी राहतात, बसत नाहीत. आता तो त्यांना विचारू लागला आहे, किती मिनिटांचा हिशेब असतो, उशीर झाला तर किती कापतात. एका वहीत लिहूनही ठेवतो. हे कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाला, अजून माहीत नाही.

गेल्या महिन्यात त्यानं मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चा अर्ज भरला. विषयांत इतिहास घेतला आहे. फी त्यानं स्वतःच भरली, मोबाईलवरूनच. आमच्याकडच्या अभ्यासकेंद्रात तास रविवारी असतात. रविवारी त्याचं दुकान बंद असतं.